सिनेमा पाहू या, समाज समजून घेऊ या

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुलीने किंवा मुलाने अकरावीला कला शाखा घेतलेली असते. विषयांच्या यादीत समाजशास्त्र असते. मग वडील विचारतात, "हे घेऊन पुढे काय होणार?" शेजारचे काका सांगतात, "सोपा विषय आहे, गाईड पाठ केले की झाले." मुलेही तसेच करतात. 'दर्जा म्हणजे काय', 'सामाजीकरणाची साधने सांगा', 'अंतर्विवाहाची व्याख्या लिहा' अशी उत्तरे घोकतात, परीक्षेत ओततात आणि निकालानंतर विसरून जातात.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आपल्या बहुतेक घरांची परिस्थिती सारखीच आहे. कोणी रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात कंत्राटावर, कोणी रेल्वेत, कोणी साखर कारखान्याच्या हंगामात, तर कोणी दुसऱ्याच्या शेतावर. घरात कॉलेजची पायरी चढणारे हे पहिलेच किंवा दुसरेच पोर असते. अशा घरातल्या मुलाला समाजशास्त्र अवघड जावे, ही खरे तर उलटी गोष्ट आहे. जात, वर्ग, स्थलांतर, घरातली सत्ता, गावकीचा धाक या विषयांचा अनुभव त्याच्याकडे आधीपासून असतो. अडचण एवढीच की पुस्तकातला शब्द आणि आपला अनुभव यांची गाठ कोणी घालून देत नाही. ही गाठ घालण्याचे एक साधे साधन आपल्या घरातच आहे. ते म्हणजे आपण आवडीने पाहतो तो सिनेमा.

सिनेमाच का?

आपल्या माणसांना सिनेमाचे वेड जुनेच आहे. जत्रेतल्या तंबूतले टुरिंग टॉकीज, पुढे वर्गणी काढून आणलेला व्हीसीआर आणि आता प्रत्येकाच्या हातातला मोबाईल. साधन बदलले, पण पाहणे थांबले नाही. सिनेमा पाहून आपण हसतो, रडतो आणि उठून जातो. त्याच सिनेमाला चार प्रश्न विचारले, तर तो शिक्षकाचे काम करतो.

सिनेमा 'वाचायला' शिकवण्याचे काम आपल्या जिल्ह्यातच रुजले आहे. पुण्यात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. या दोन्ही संस्थांनी मिळून चित्रपट रसग्रहणाचे वर्ग चालवले. तिथे शिकवला जाणारा मुख्य धडा असा, की पडद्यावर दिसणारी गोष्ट आपोआप आलेली नसते. ती कोणीतरी निवडलेली, मांडलेली असते.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ सी. राईट मिल्स यांनी १९५९ साली एक महत्त्वाचा विचार मांडला. एका माणसाची नोकरी गेली तर ती त्याची खासगी अडचण. परंतु हजारोंची गेली तर तो सामाजिक प्रश्न. आपल्या आयुष्यातील दुःख आणि समाजाची रचना यांचा संबंध ओळखता येणे, यालाच त्यांनी समाजशास्त्रीय दृष्टी म्हटले. सिनेमा एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यामागचा समाज शोधणे हे आपले काम. आता काही सिनेमे एकेक करून पाहू.

'फँड्री' : दर्जा आणि सामाजीकरण

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे. दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले की जेऊर स्टेशन लागते. सिनेमाचे शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात घेतले, म्हणजे शिरूरहून सरळ रस्त्याने पुढे. तिथेच केलेल्या 'पिस्तुल्या' या त्यांच्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा हा काही दूरच्या मुंबईवाल्यांचा सिनेमा नव्हे. त्यातली माती, बोली आणि ऊन आपल्याकडचेच आहे.

'फँड्री' म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्या नावाचा शाळकरी मुलगा, त्याचे कष्टकरी कुटुंब आणि गावाने त्यांच्यावर टाकलेले डुकरे पकडण्याचे काम, ही त्याची गोष्ट. पाठ्यपुस्तकात दर्जाचे दोन प्रकार दिलेले असतात. जन्माने चिकटतो तो अर्पित दर्जा आणि स्वतःच्या कर्तृत्वाने मिळतो तो अर्जित दर्जा. जब्या शाळेत जातो, अभ्यास करतो, चांगले कपडे घालावेत म्हणून धडपडतो. त्याला अर्जित दर्जा हवा आहे. परंतु गाव त्याला पुन्हा पुन्हा अर्पित दर्जाकडे ओढते. व्याख्या पाठ करण्याऐवजी मुलाला एवढेच विचारावे, "जब्याला काय व्हायचे होते आणि गावाने त्याला काय समजले?" उत्तरात दोन्ही व्याख्या आपोआप येतात.

दुसरी संकल्पना सामाजीकरणाची. समाजात कसे वागायचे हे मूल घर, शाळा, सवंगडी यांच्याकडून शिकते. जब्याचा बाप त्याला मान खाली घालून जगायला शिकवतो. तो वाईट बाप नाही. मान वर केली तर काय होते, हे त्याने सोसलेले आहे, म्हणून तो घाबरतो. आपल्या घरातही आजोबा-पणजोबांच्या पिढीने असे शिकवले असेल. बाबासाहेबांच्या चळवळीने याच सामाजीकरणाला उलटे फिरवले. मेलेली जनावरे ओढायची नाहीत, गावकीची कामे सोडायची, मुलांना शाळेत घालायचे, हे नवे सामाजीकरण होते. घरातल्या ज्येष्ठांना याविषयी बोलते करावे. पुस्तकात न सापडणारा धडा मुलांना तिथे मिळेल.

डुक्कर पकडण्याच्या प्रसंगात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले दांपत्य, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. संविधानाने दिलेला दर्जा आणि गावाने दिलेला दर्जा यांतले अंतर दिग्दर्शकाने एकही शब्द न बोलता दाखवले आहे. मुलांना हे दृश्य दोनदा दाखवावे.

'सैराट' : बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध

२९ एप्रिल २०१६ रोजी आलेला 'सैराट' आपल्यापैकी कोणी पाहिला नाही, असे घर सापडणे कठीण. गाण्यांवर सगळा महाराष्ट्र नाचला. शेवटी मात्र सगळे थिएटर सुन्न झाले. पाटलाची आर्ची आणि पारधी समाजातला परशा पळून जातात, हैदराबादेत कष्टाने संसार उभा करतात, मूल होते आणि मग माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. पुढचे सांगायला नको.

आता याच सिनेमाजवळ ९ मे १९१६ ही तारीख ठेवून पाहा. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. 'सैराट' पडद्यावर आला त्याच महिन्याच्या पाठोपाठ या निबंधाला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यात बाबासाहेबांनी विचारले की जातीचे खरे लक्षण कोणते? विटाळ? धंदा? धर्म? त्यांचे उत्तर होते, अंतर्विवाह. म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती. ही सक्ती टिकली तर जात टिकते, ती मोडली तर जात मोडते.

त्यांनी पुढे एक विलक्षण मुद्दा मांडला. गट बंद ठेवायचा असेल तर स्त्री-पुरुषांची संख्या बरोबर राखावी लागते. नवरा आधी मेला तर मागे उरलेली बाई गटाला 'जास्तीची' होते. ती गटाबाहेर लग्न करील ही भीती. म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली आल्या. म्हणजे जात राखण्याची किंमत बाईने मोजायची. दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन आजही आहे. विधवा आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुली तिथे का येत होत्या, हे बाबासाहेबांच्या निबंधातून नीट कळते. आपल्या तालुक्यातले ठिकाण आणि कोलंबियातला निबंध एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत.

आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, पोरांना दम देते. तिला सगळी मोकळीक आहे, असे वाटते. पण ती मोकळीक कोणत्या रेषेपर्यंत होती? जोडीदार निवडण्याच्या रेषेपर्यंत. हीच अंतर्विवाहाची भिंत.

हे फक्त पडद्यावर घडते, असे कोणी समजू नये. नगर जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये नितीन आगे या सतरा वर्षांच्या आपल्या मुलाची हत्या झाली. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, हा त्याच्यावरचा आरोप होता. साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. मुलांशी 'सैराट'वर बोलताना हे टाळू नये. घाबरवण्यासाठीही सांगू नये. प्रेम करणाऱ्या मुलांचा दोष काय, असे विचारून थांबूही नये. हत्या करणाऱ्याला आपण मोठे काम केले असे का वाटते, गाव गप्प का बसते आणि साक्षीदार का फिरतो, हे प्रश्न विचारावेत. पुस्तकात ज्याला 'सामाजिक नियंत्रण' म्हणतात, त्याचे हे सर्वांत क्रूर रूप आहे.

आणखी एक प्रश्न स्वतःलाही विचारायला हवा. बाबासाहेबांनी त्याच निबंधात म्हटले आहे की वरच्यांनी दार लावून घेतले आणि त्यांचे पाहून इतरांनीही आपापली दारे लावली. आपल्या घरात सोयरीक ठरवताना पोटजात विचारली जाते का? दुसऱ्या समाजातली सून किंवा जावई आला तर आपण कसे वागतो? मुले हे विचारतील. विचारू द्यावे.

'कोर्ट' : भूमिका, वर्ग आणि संस्था

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ चा. तो पाहायला थोडा धीर लागतो, कारण त्यात मारामारी नाही, गाणी-नाच नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका केली ती नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. २०२१ साली कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले. मुंबईत मॅनहोलमध्ये उतरणारा एक सफाई कामगार मरतो. शाहिराचे गाणे ऐकून त्याने आत्महत्या केली, असा आरोप शाहिरावर येतो.

माणूस एकाच वेळी अनेक भूमिका कशा पार पाडतो, हे सरकारी वकील बाईच्या पात्रातून पाहावे. कोर्टात ती शाहिराला शिक्षा मागते. तिथून लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते. ती दुष्ट बाई नाही, आपल्या शेजारणीसारखी आहे. मग अन्याय कसा होतो? कारण संस्था चालतात त्या नियमांवर, सवयींवर आणि जुन्या कायद्यांवर. कोणा एकाच्या दुष्टपणाची त्यांना गरज नसते. बचाव पक्षाचा वकील कुठे खरेदी करतो, सरकारी वकील कुठे जेवते आणि मेलेल्या कामगाराची बायको कुठे राहते, एवढे तीन कप्प्यांत लिहून काढायला सांगितले की 'वर्ग' म्हणजे काय हे मुलांना समजते.

त्या विधवेची साक्ष लक्ष देऊन ऐकावी. नवरा कोणत्या साधनांशिवाय आत उतरत होता आणि वास सहन व्हावा म्हणून दारू का पीत होता, हे ती सरळ सांगते. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही हे मृत्यू थांबले नाहीत. ते काम कोणत्या जातींच्या वाट्याला येते, हा पुढचा प्रश्न मुलांनी स्वतः काढावा.

'झुंड' : शिक्का आणि भिंत

मार्च २०२२ मध्ये आलेला 'झुंड' नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्या कामावर आधारलेला आहे. अमिताभ बच्चन यात आहेत, म्हणून लहान मुलेही आवडीने पाहतात. कॉलेज आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे.

समाजशास्त्रात 'शिक्का मारणे' अशी एक संकल्पना आहे. एखाद्याला चोर, गुंड म्हटले की पुढे तो काहीही करो, समाज त्याला त्याच नावाने ओळखतो आणि सुधारण्याच्या वाटा बंद होतात. सिनेमातल्या मुलाला खेळायला परदेशात जायचे आहे, पण पोलिसांतली नोंद आडवी येते. दुसऱ्या एका मुलीकडे ती कोण आहे हे सांगणारा कागदच नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. गावात चोरी झाली की पहिला संशय कोणावर घेतात, हे आपण सर्वजण जाणतो. कागदावरचा शिक्का पुसला तरी मनातला राहतो, हे मुलांना समजावण्यासाठी यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

घरातली सत्ता आणि 'माहेरची साडी'

फक्त जातीच्याच सिनेमांवर बोलावे असे नाही. १९९१ साली 'माहेरची साडी'ने महाराष्ट्रातल्या बायाबापड्यांना ढसाढसा रडवले. सोसणारी सून ही चांगली आणि छळणारी सासू ही वाईट, अशी तिची मांडणी. आई, मावशी, आजी यांना सोबत घेऊन तो पुन्हा पाहावा आणि विचारावे की सासूला ही सत्ता कोठून मिळाली? तीही एके काळी सूनच होती. घरातले पुरुष त्या वेळी काय करतात? मुलगी म्हणजे सोसणारी, ही शिकवण सिनेमातून कशी पसरते? स्त्री-पुरुषांना समाज जे साचे देतो, त्याला 'लिंगभाव' म्हणतात. भावाला आधी वाढायचे आणि बहिणीने नंतर जेवायचे, हा साचा आपल्या घरात असेल तर तो त्याच संध्याकाळी मोडता येतो.

सिनेमालाही प्रश्न विचारावेत

सिनेमा म्हणजे समाजाचा आरसा, असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु आरसा कोणाच्या हातात आहे, हेही पाहिले पाहिजे. १९३६ साली 'अछूत कन्या' आला. देविका राणी यांनी रेल्वे फाटकावरच्या कामगाराची अस्पृश्य मुलगी साकारली. दौंडसारख्या रेल्वेच्या गावाला ती ओळखीची वाटावी. शेवटी ती गाडीखाली मरते. त्याच वर्षी बाबासाहेबांचे 'जातिसंस्थेचे उच्छेदन' प्रसिद्ध झाले. बाबासाहेब जातीचा पाया खणून काढायला सांगत होते आणि पडद्यावर अस्पृश्य मुलीच्या मरणावर अश्रू ढाळले जात होते.

१९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. त्यात नूतनची अस्पृश्य मुलगी सांभाळणाऱ्या आईला रक्त देते, तेव्हा कुठे ती घरची ठरते. म्हणजे आपले माणूसपण तिला रक्त देऊन सिद्ध करावे लागते. २०१४ चा जब्या मात्र शेवटी दगड उचलतो आणि तो थेट पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. मरणारी, मग स्वतःला सिद्ध करणारी आणि शेवटी जाब विचारणारा, हा प्रवास कसा झाला? गोष्ट सांगणारा बदलला म्हणून झाला. आधी दुसरे आपल्याविषयी सांगत होते, आता सोसलेली माणसे स्वतः सांगू लागली. 'सामाजिक परिवर्तन' या धड्यासाठी हे तीन सिनेमे पुरेत.

घरी आणि विहारात कसे करावे?

यासाठी पैसा लागत नाही, थोडी शिस्त लागते. पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) मोठ्यांनी सिनेमा आधी स्वतः पाहावा. 'सैराट'चा शेवट लहान मुलांना दाखवू नये. नववी-दहावीच्या पुढच्यांनाही मोठ्यांच्या सोबतीनेच दाखवावा.

२) एका वेळी एकच संकल्पना घ्यावी. पूर्ण सिनेमा पाहणे जमत नसेल तर एकच प्रसंग घ्यावा. दहा मिनिटांचा प्रसंग आणि अर्धा तास चर्चा पुरते.

३) पाहण्याआधी वहीत तीन प्रश्न लिहून द्यावेत. सत्ता कोणाकडे आहे? नियम कोणी केले? नियम मोडणाऱ्याचे काय होते?

४) पाहून झाल्यावर मुलांना बोलू द्यावे. मोठ्यांनी शेवटी बोलावे. मुलींना आधी विचारावे, नाहीतर पोरेच बोलत राहतात.

५) शेवटी पाठ्यपुस्तकातली व्याख्या उघडून वाचावी आणि तिच्याखाली सिनेमातले एक व आपल्या गावातले एक उदाहरण लिहावे. परीक्षेत अशी उदाहरणे उत्तराला वजन देतात. मात्र सिनेमाची गोष्ट सांगण्यात पाने खर्च करू नयेत. आधी व्याख्या, मग स्पष्टीकरण आणि शेवटी दोन ओळींत उदाहरण, हा क्रम ठेवावा.

६) विहारात किंवा चौकात जाहीरपणे सिनेमा दाखवायचा असेल तर हक्क असणाऱ्यांची परवानगी घ्यावी. शाळा-कॉलेजात फक्त विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुरता शिक्षणाचा भाग म्हणून दाखवण्यास कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. शिक्षकांशी बोलून तो मार्ग धरावा.

राहिला वडिलांचा प्रश्न, "हे घेऊन पुढे काय होणार?" केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. समाजकार्य, पत्रकारिता, वकिली, शिक्षकी या सगळ्या वाटांवर तो उपयोगी पडतो. पालकहो, नोकरीची काळजी रास्तच आहे, पण त्यापलीकडेही एक लाभ आहे. कारखान्याच्या गेटवर कंत्राटदार आडनाव विचारतो तेव्हा, भाड्याने खोली शोधताना घरमालक 'तुम्ही कोण?' म्हणतो तेव्हा, आपल्या मुलाला नुसता अपमान वाटू नये. हे काय चालले आहे, ते का चालले आहे आणि ते कसे बदलते, हे त्याला कळावे. बाबासाहेबांनी पंचविसाव्या वर्षी, परक्या देशात, आपल्याच वेदनेकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहिले. ती नजर आपल्या मुलांना मिळाली पाहिजे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच थोडे थांबा. ज्यांच्या घरात अकरावी-बारावीची मुले आहेत त्यांनी त्यांची समाजशास्त्राची पुस्तके सोबत आणावीत. पहिला धडा उघडावा, एक संकल्पना निवडावी आणि मुलांनाच विचारावे की हे तुम्ही कोणत्या सिनेमात पाहिले आहे.